कोमट पातेलं

वर्कशॉपमध्ये तिला सगळे वहिनी म्हणायचे. खरं तर ती तिथे एकाचीच वहिनी. तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ तिथे इंजिनिअर होता आणि ही नोकरीही त्यानंच सुचवली होती. पण तो दिवसातून चाळीस वेळा ‘वहिनी, वहिनी’ करायचा, तेव्हा महिन्याभरात ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. पासष्टीच्या मोठ्या बाई, ज्यांनी हे वर्कशॉप उभं केलं, त्यासुद्धा ‘अगं वहिनी, जरा इकडे ये’ म्हणत. नवीन माणसाला हे ऐकून कोण कुणाचं काय लागतं याचा थांगपत्ता लागत नसे.

तिथे मुलांच्या पाठीचे ब्रेस बनत. ज्या मुलांचा कणा वाढत्या वयात एका बाजूला वाकत जातो, त्यांच्या अंगावर घट्ट बसणारं प्लॅस्टिकचं कवच. दवाखान्याकडून पाठीचा स्कॅन यायचा. कुठे दाबायचं आणि कुठे मोकळं सोडायचं हे वहिनी स्क्रीनवर ठरवायची. मग आतल्या खोलीतलं मोठं मशीन गणित करून सांगायचं, की इतकं दाबलंत तर कणा इतका सरळ होईल आणि बरगडी इतकी दुखेल. पहिल्या फेरीत कधीच जमत नाही. चार फेऱ्या तरी लागतातच. चौथीनंतर ती फाइल कापणाऱ्या यंत्राकडे जायची आणि एक पाठ झाली असं म्हणायचे. कामाचं माप तेच. ‘आज किती पाठी?’

वहिनीच्या रोज दोन पाठी व्हायला हव्या होत्या. बाळंतपणाची लांबलेली रजा संपवून ती परत आली, तेव्हा मोठ्या बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, “अर्धा दिवस ये. पावणेनऊ ते पावणेएक. महिनाभर बघू. सरासरी दोन पाठी निघाल्या तर अर्धा दिवस कायमचा तुझा. नाही निघाल्या तर पूर्ण दिवस यावं लागेल, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. राग मानू नकोस. मुलांचा कणा आपल्यासाठी थांबत नाही.”

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आणि मशीन फेरीला अठरा मिनिटं घेत होतं, त्या हिशेबानं दोन पाठी आरामात निघत. पावणेएकला संगणक बंद, एकच्या आत पाळणाघर.

एकच्या आत, याला कारण होतं. तिची मुलगी दीड वर्षाची. तिचं रडणं ऐकून आजोबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. ही टिटवी पाळणाघरात एक वाजेपर्यंत शहाण्यासारखी राहायची. एकनंतर फळीवरून आपले बूट काढायची, दोन्ही पोटाशी धरून दाराजवळ बसायची. रडायची नाही. “रडली असती तर बरं,” पाळणाघराच्या ताई म्हणाल्या होत्या, “समजूत तरी घालता आली असती. ही नुसती दाराकडे बघते.”

पहिल्या आठवड्यात बूट फळीवरच होते. दुसऱ्या आठवड्यापासून ते टिटवीच्या हातात दिसायला लागले.

झालं असं, की एक सूचना आली. मोठ्या मशीनच्या आत जो प्रोसेसर होता, त्या जातीच्या सगळ्या प्रोसेसरांमध्ये एक फट सापडली आहे, तिच्यातून एकाचं गुपित दुसऱ्याला वाचता येऊ शकतं. फट बुजवणारं अपडेट मामांनी त्याच दुपारी टाकलं. मामा म्हणजे वर्कशॉपची सगळी मशीनं सांभाळणारे गृहस्थ. पूर्ण नाव कुलूपमामा. त्यांच्या टेबलाच्या तिन्ही खणांना कुलूप, सायकलला दोन, आणि छत्रीच्या दांड्यालाही एक इवलंसं, बोटाएवढं. छत्रीला कुलूप लावून नेमकं काय साधतं, हे विचारायची हिंमत अजून कुणाला झाली नव्हती.

अपडेट टाकलं आणि मशीन मंदावलं. फेरीला अठराची बावीस मिनिटं. मग सव्वीस, मग एकतीस. पावणेएकनंतर थोडं थांबूनही वहिनीच्या कशाबशा दीड पाठी होऊ लागल्या. आणि वर्कशॉपमध्ये तोफांचा मारा सुरू झाला. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला भावोजी.

भावोजींना वेगाचं वेड. मशीनचं झाकण उघडून आतले पंखे बदलायचे, आकडे काढायचे, ते भिंतीवर चिकटवायचे. त्यांचं म्हणणं सोपं होतं. “ते संरक्षण बंद करा. एका ओळीचं काम आहे. मशीन आतल्या खोलीत, खोलीला कुलूप, कुलपाची किल्ली मामांच्या कमरेला. चोर येणार कुठून?”

“दारातून येत नाही तो,” मामा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. “या मशीनवर आपण एकटे आहोत का? तीन दवाखाने आपापले प्रोग्रॅम त्यावर चालवतात. एका ओट्यावर चार घरांचा स्वयंपाक.”

“त्या दवाखान्यातल्या माणसाला साधी फाइल जोडता येत नाही मामा. गेल्या आठवड्यात त्यानं स्कॅन म्हणून स्वतःच्या मांजराचा फोटो पाठवला. तो आपली गुपितं वाचणार?”

“तो नाही वाचणार. त्याच्या नकळत त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जो शिरून बसला असेल, तो वाचेल.”

“असेल, बसला असेल. तुम्ही घराला कुलूप लावून किल्ली गिळणारे.”

“आणि तू दार सताड उघडं टाकून शर्यत जिंकणारा.”

वहिनी दोघांच्या मध्ये चहा घेऊन उभी. तिला हसूही येई आणि तिचं लक्ष घड्याळाकडेही जाई. पण या भांडणातली एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना. गुपित वाचतात म्हणजे वाचतात कसं? दार बंद, फाइल बंद, मग वाचायला शिल्लक काय उरतं? फेरी चालू असताना तिला तसंही काही काम नसायचं. ती मामांच्या टेबलापाशी जाऊन बसली.

“मामा, मला समजेल असं सांगा.”

मामा खूश झाले. त्यांना असं कुणी विचारत नसे. “हे बघा वहिनी, प्रोसेसरला वाट बघायची सवय नसते. पुढे काय लागणार याचा अंदाज बांधून तो काम आधीच करून ठेवतो. अंदाज खरा ठरला तर वेळ वाचला. खोटा ठरला तर केलेलं टाकून देतो, जसं काही केलंच नव्हतं.”

“म्हणजे मी दुपारी करते तसं,” वहिनी म्हणाली. “ती झोपेत जरा चुळबुळली की मी दूध तापत ठेवते. उठली तर दूध तयार. नाही उठली तर परत गार करून ठेवून देते.”

मामांनी चष्मा काढला. “बरं. दूध परत ठेवलंत. आणि पातेलं?”

“पातेलं ओट्यावर.”

“मी तेवढ्यात तुमच्या स्वयंपाकघरात आलो. कुणाला काही विचारलं नाही, काही उघडलं नाही. नुसता पातेल्याला हात लावला.”

वहिनीनं हवेतच पातेल्याला हात लावल्यासारखं केलं. “कोमट असेल.”

“मग मला काय कळलं?”

“की तिची चुळबुळ झाली होती.”

“बस. चोरी ती हीच. दूध जागच्या जागी, पोर झोपलेलं, आणि मला तुमच्या घरातलं कळलं. असा हजारदा हात लावला, की पोर कधी झोपतं, कधी उठतं, सगळी वहीच तयार होते.”

“आणि तुमचं अपडेट?”

“दर वेळी पातेलं विसळून गार करून पालथं घालायचं. एवढंच.”

“सेकंदाला लाखो वेळा विसळायचं,” मागून भावोजी म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. “मग दूध तापणार कधी? वहिनी, तुमची बारा-तेरा मिनिटं त्या विसळण्यात जातात. दर फेरीला.”

यावर मामांकडे उत्तर होतं, त्याला भावोजींकडे प्रत्युत्तर होतं, आणि वहिनीची फेरी तोवर संपली होती. तेहतीस मिनिटं. तिनं वही काढून लिहून ठेवलं.

ही वही पिवळ्या पुठ्ठ्याची. टिटवी जन्मली त्या आठवड्यात सुरू केलेली. किती वाजता प्यायली, किती वाजता झोपली, किती वाजता उठली. पहिल्या महिन्यांत सगळ्याच आया असं लिहितात आणि मग सोडून देतात. वहिनीची सवय सुटली नाही. कामावर आल्यापासून डाव्या पानावर टिटवी आणि उजव्या पानावर मशीन, असं चाललं होतं. फेरी सुरू, फेरी संपली. कशासाठी, तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

भांडण मिटेना तेव्हा मोठ्या बाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, “तोंडाच्या वाफा पुरेत. मोजा. संरक्षणामुळे मशीन किती मंद झालं, दोघांनी आपापले आकडे आणा. दोन आठवडे घ्या.”

शुक्रवारी आकडे आले. भावोजींचा आकडा चाळीस टक्के. मामांचा चार. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, चष्म्यावरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

“मशीन एकच आहे ना?”

“यांचं मोजणंच चुकीचं आहे,” भावोजी म्हणाले.

“याला मोजता येत असतं तर रडणं कसलं होतं,” मामा म्हणाले.

“अगं वहिनी,” बाईंनी हाक मारली, “तूच सांग आता. वेळ तुझा जातोय. या महिन्यात तुझ्या पाठी कमी पडल्यात, ते मला दिसतंय, आणि त्यात तुझा किती दोष आणि मशीनचा किती, ते मला दिसत नाहीये. संरक्षण ठेवायचं का काढायचं, सोमवारी मला सांग. तू म्हणशील ते करू.”

वहिनीनं मनातल्या मनात तिथेच सांगून टाकलं होतं. काढा. तिच्या डोळ्यांसमोर पोटाशी धरलेले दोन बूट होते. कुठला कोण चोर, त्याला कुणी पाहिलंय? तोंडातून शब्द निघाला नाही तो एवढ्याच कारणानं, की तेवढ्यात तिला फिटिंगच्या खोलीत बोलावणं आलं.

आत एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी उभी होती. आखूड केस, अंगात मोठ्या भावाचा असावा असा ढगळ शर्ट. नवा ब्रेस तिला काखेखाली टोचत होता. वहिनीनं कुठे टोचतो ते पेन्सिलीनं आखून घेतलं. मुलगी मान वळवून बघत होती.

“तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माझी पाठ आहे?”

“आहे की.”

“बघू?”

वहिनीनं तिला आपल्या टेबलापाशी नेऊन स्क्रीनवर तिची पाठ उघडली, बोटानं गोल फिरवून दाखवली. मुलगी नाक स्क्रीनला लागेल इतकी वाकली. कुठला मणका किती फिरलाय, लाल रंग कशाचा, निळा कशाचा, तिनं सगळं विचारून घेतलं. आवडलं होतं तिला. आणि मग एकदम सरळ उभी राहून म्हणाली, “हे आमच्या वर्गातल्या कुणाला नाही ना दिसणार? मी शर्ट मोठा घालते, कुणालाच माहीत नाहीये.”

“नाही दिसणार,” वहिनी म्हणाली. पटकन म्हणाली, जसं आपण पोरांना ‘इंजेक्शन दुखत नाही’ म्हणतो तसं. मुलगी गेली तरी ते वाक्य तिच्या जिभेवर राहिलं. त्या दिवशी ती एक दहाला पाळणाघरात पोचली. टिटवीनं एक बूट उलटा घातला होता, स्वतःचा स्वतः.

रविवारी दुपारी भावोजी जेवायला घरी आले. जेवणं झाली. टिटवीला आतल्या खोलीत थोपटून वहिनी स्वयंपाकघरात आली, दार लोटून. त्या दाराची बिजागरी कुरकुरायची. तेल घालायचं दर रविवारी ठरायचं.

पाच मिनिटांनी नवरा पाय न वाजवता गेला, दार किलकिलं केलं, परत आला. “झोपली.”

त्यानंतर भावोजी गेले. त्यांना पुतणीशी खेळायचं होतं, तेव्हा ती जागी असली तर हवीच होती. परत येऊन म्हणाले, “दादा, जागी आहे. डोळे उघडे आहेत.”

“अरे, आत्ता झोपली होती.”

“तू नीट बघितलं नसशील.”

नवरा परत गेला. “मिटलेत डोळे. तुला भास झाला.”

“थांब, मी बघतो.”

कुर्र. मग परत कुर्र. वहिनीनं एकदा दूध तापत ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. चौथ्या फेरीला आतून टिटवीनं आपल्या नावाला जागून सूर लावला. दोघं भाऊ एकमेकांकडे बोट दाखवायला लागले. “मी म्हणत होतो ना जागी आहे.” “झोपली होती रे, खालच्या गाडीच्या हॉर्ननं उठली.”

“हॉर्ननं नाही उठली,” वहिनी म्हणाली. तिच्या हातात कोमट पातेलं होतं. “तुम्ही बघायला गेलात म्हणून उठली. दोघं मिळून झोपू कुठे देताय तिला.”

आणि बोलता बोलता ती थांबली. पातेलं ओट्यावर ठेवलं. टिटवीला कडेवर घेऊन आली, खुर्ची ओढली आणि भावोजींच्या समोर बसली.

“भावोजी, मशीन किती मंद झालंय ते तुम्ही मोजता कसं?”

“साधं आहे. माझा एक प्रोग्रॅम आहे. मशीनला सगळी ताकद लावायला लावतो आणि बघतो किती वेळ लागतो.”

“कधी?”

“दर तासाला. ठोक्याला. आपोआप चालतो.”

“एकदाच?”

“नाही, एका मोजण्यावर विश्वास कसा ठेवायचा? लागोपाठ तीन आकडे जुळेपर्यंत तो मोजत राहतो. जुळले की थांबतो.”

“आणि नाही जुळले तर?”

“तर परत.”

“जुळतात?”

भावोजींनी टिटवीच्या हातातला चमचा काढून घेतला. “पूर्वी जुळायचे. अपडेट आल्यापासून जरा त्रासच आहे. मशीनच बिघडत चाललंय वहिनी, त्याच्यामुळे.”

“मामांना माहीत आहे, तुम्ही असं मोजता ते?”

“वेड लागलंय का? त्यांना कळलं तर ते मध्ये काहीतरी खुटखुट करतील. मी त्याला ‘बॅकअप’ असं नाव देऊन ठेवलंय.”

वहिनीनं पिवळी वही आणली. डावी पानं सोडून उजवी उघडली. ठोक्याच्या आसपास सुरू झालेल्या फेऱ्या: एकतीस, तेहतीस, छत्तीस. पावणेच्या सुमाराला सुरू झालेल्या: सव्वीस, चोवीस. तिनं बोटानं भावोजींना ओळी दाखवल्या. भावोजींचा चेहरा आधी गमतीचा होता. मग हळूहळू लांब झाला.

“पण माझा एकटा प्रोग्रॅम एवढं नाही करणार,” ते म्हणाले. “सात-आठ मिनिटांत आटपायला हवा तो.”

“आटपायला हवा,” वहिनी म्हणाली. “दाराशी दुसरं कुणी नसेल तर.”

सोमवारी साडेआठलाच ती वर्कशॉपमध्ये पोचली. मामा सायकलचं दुसरं कुलूप लावत होते.

“मामा, एक विचारू? तुम्ही मोजता ते किती वाजता?”

मामांनी इकडेतिकडे बघितलं. “कुणाला बोलू नका. अपडेट टाकलं तेव्हापासून दर तासाला, सव्वाला. ‘साफसफाई’ असं नाव दिलंय, म्हणजे त्या तुफानाला संशय नको. चार आकडे जुळेपर्यंत चालवतो. त्याच्यासारखं तीनवर नाही सोडत मी.”

“जुळतात?”

मामांनी कुलपाची किल्ली दोनदा तपासली. “हल्ली नाही जुळत. मग सगळ्यात कमी येतो तो आकडा धरतो.”

म्हणजे ठोक्याला भावोजींचं बॅकअप उठायचं. ते आकडे जुळवत बसलेलं असतानाच सव्वाला मामांची साफसफाई यायची. याच्या धक्क्यानं त्याचे आकडे हलायचे, त्याच्या धक्क्यानं याचे. मग दोघंही परत मोजायचे, पुन्हा मोजायचे, पाऊण-पाऊण तास. आणि त्या दोघांच्या मधून वहिनीच्या पाठी वाट काढत चाललेल्या. घोडं पेंड खात होतं ते इथे, आणि दोन शहाणे जगभराची कारणं शोधत होते. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याच्या पोरीचे बूट हातात आले होते.

पण हा सगळा अंदाजच होता, आणि अंदाज खोटाही ठरू शकतो, हे तिला आता मामांमुळेच कळत होतं. मोठ्या बाईंच्या खोलीत तिनं दोघांना उभं केलं आणि बाईंना म्हणाली, “उत्तर मी आज पावणेएकला देते. तोवर या मशीनवर कुणी काहीही मोजायचं नाही. संरक्षण आहे तसं राहू दे. बॅकअप बंद. साफसफाईही बंद.”

“कसली साफसफाई?” भावोजींनी विचारलं.

“कसलं बॅकअप?” मामांनी विचारलं.

मग दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, की बाईंना पदराआड हसू लपवावं लागलं.

ती सकाळ वर्कशॉपमधली माणसं पुढे बरेच दिवस सांगत. न मोजता राहणं त्या दोघांना सोसवेना. भावोजी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. भिंतीवरचा आपलाच एक जुना कागद त्यांनी तीनदा वाचला. मामांनी तिन्ही खण उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. दहा वाजता भावोजी मशीनच्या खोलीच्या दाराशी गेले आणि नुसते उभे राहिले.

“भावोजी,” वहिनी आपल्या टेबलावरून म्हणाली.

“बघत नाहीये. पंख्याचा आवाज ऐकतोय फक्त.”

“ऐकूही नका.”

पहिली फेरी वीस मिनिटं. तिनं वहीत लिहिलं, कुणाला सांगितलं नाही. दुसरी वीस. तिसरी एकोणीस. आखूड केसांच्या मुलीची काखेखालची कड तिनं पेन्सिलीच्या खुणेनुसार आत घेतली, फेरी लावली, वीस. एक पाठ. साडेदहाला ती जागेवरून उठून पाणी प्यायली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा, घड्याळाकडे न बघता. दुसरी पाठ एका लहान मुलाची होती, अवघड, दोन ठिकाणी वळलेली. बारा पस्तीसला तीही झाली.

बाईंच्या खोलीत तिनं वही टेबलावर त्यांच्याकडे वळवून ठेवली.

“अपडेटच्या आधी अठरा. आता वीस. संरक्षण चालू ठेवून.”

भावोजींनी लगेच मनात भागाकार केला. “अकरा टक्के. मामा, चार नाही.”

“आणि चाळीसही नाही,” मामा म्हणाले.

“थांबा रे,” बाई म्हणाल्या. “वहिनी, तुझी दोन मिनिटं मात्र खरीच जातायत. दर फेरीला. ती द्यायची का नाही, ते सांग.”

आठ फेऱ्यांची सोळा मिनिटं. वहिनीनं ती सकाळीच मोजून ठेवली होती. सोळा मिनिटांत टिटवी एक केळं संपवते. सोळा मिनिटांत पाळणाघरापासून घरापर्यंत चालत जाता येतं, वाटेतलं मांजर बघून.

“देते,” ती म्हणाली. “शुक्रवारी त्या मुलीला मी सांगून बसलेय, कुणाला दिसणार नाही म्हणून. पातेलं विसळून ठेवलेलं बरं.”

बाईंना पातेल्याचं काही कळलं नाही. मामांना कळलं. नंतर त्यांनी छत्रीचं इवलंसं कुलूप काढून खणात टाकल्याचं कुणीतरी पाहिलं. निदान त्या दिवसापुरतं.

“आणि या महिन्याच्या तुझ्या पाठी कमी भरल्यात,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“भरायच्या कशा? तराजूत हे दोघं बसले होते. हा महिना सोडून दे. उद्यापासून नवा महिना धर. दोन पाठी रोज. जमलं तर अर्धा दिवस तुझा.” त्यांनी मान तिरकी करून दोघांकडे बघितलं. “आणि तुम्ही दोघं. इथून पुढे मोजायचं ते एकानं, दुसऱ्याला सांगून, आणि वहिनी गेल्यावर.”

“एकानं म्हणजे कुणी?” भावोजींनी विचारलं.

“पावणेएकनंतर लगेच की मशीन थंड झाल्यावर?” मामांनी विचारलं. “थंड मशीनवर मोजलं तर आकडा कमीच येणार.”

“गरम मशीनवर मोजलं तर काय तो खरा येणार?”

“गरम म्हणजे किती गरम, ते आधी ठरव.”

वहिनीनं वही पिशवीत टाकली. बारा सत्तेचाळीस झाले होते. तिनं चपला घातल्या, आणि ‘किती गरम’ यावर दोघांचा आवाज चढत चालला असतानाच ती रस्त्याला लागली.

पाळणाघराच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. आतून काही आवाज येत नव्हता. ताई दाराच्या आतूनच खुणेनं म्हणाल्या, झोपलीय, आज पहिल्यांदाच. वहिनीच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. एकदा, नुसतं एकदाच बघावं. तिचा हात कडीपर्यंत गेला होता.

तो तिनं मागे घेतला आणि पायरीवर बसली. उघड्या खिडकीतून भिंतीवरची फळी दिसत होती. तिच्यावर इतर बुटांच्या ओळीत, शेवटून दुसरे, टिटवीचे बूट होते. त्यातला एक जरा पुढे आला होता, पण फळीवरच होता.